कोनट्यातली भिंत

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला पाण्याबद्दल लिहिते आहे. आपल्या कुरखेड्याकडच्या एका गावात तलावाला नवी भिंत बांधायची आहे. भिंतीच्या खालच्या अंगाला घरं आहेत. पूर आला तर पाणी किती चढेल हे मला संगणकावर काढून द्यायचं आहे, त्यावरून भिंतीची उंची ठरेल. पाणी म्हणजे सुटे कण, असं धरून हा हिशेब करतात. ही कल्पना मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकली, ऐंशीच्या दशकात, आपल्या शाळेत कोणी संगणक पाहिलाही नव्हता तेव्हा.

त्या वर्षी उन्हाळ्यात तुम्ही नागपूरच्या शिबिरात काहीतरी नवं ऐकून आला होतात, आणि ऐकून गप्प बसणं तुमच्या स्वभावात नव्हतं. हिवाळ्याच्या तोंडाशी धान कापून झालंय. शाळेमागच्या बांदीत, त्या मोकळ्या खाचरात, तुम्ही फक्कीनं चौकट आखता. अर्धी पोरं पाण्याचे कण, अर्धी भिंत. पाण्यानं धावायचं, भिंतीनं रेघेवर उभं राहून हातानं परत लोटायचं. पण आम्ही आट्यापाट्या खेळून वाढलेलो. रेघेवर उभं केलं की समोरच्याला अडवायला रेघेवरूनच पळत सुटणार. भिंत पळाली, कोपरा उघडा पडला आणि आम्ही सगळं पाणी हसत हसत बांधापलीकडे गेलो. तुम्ही भडकलात. पदर खोचून स्वतःच कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिलात.

आता कोण येतंय तिकडे? तुमचा धाक असा की पाणी हातभर अलीकडूनच वळू लागलं. बाहेर कोणी गेलं नाही. मला वाटलं, जमलं. तुम्ही मात्र पुढ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघत होतात.

"माही भिंत खोटी हाये," तुम्ही म्हणालात. "पाणी कोनट्यापर्यंत पोचूनच नाई राह्यलं." मग मला पाण्यातून बाहेर बोलावलंत. "तू उभी राय इथी. तुले कोणी भेत नाई."

मी हिरमुसले. मला पाणीच व्हायचं होतं, आणि कोणी भीत नाही हे काय चारचौघांत सांगायचं? पण पोरं बेधडक माझ्यापर्यंत आली, अंगाला भिडली, मी लोटलं की वळली. कोपरा भरला आणि कोणी निसटलंही नाही. तुम्ही माझ्या केसांवरची फक्की झटकलीत, तेव्हा कुठे माझा राग अर्धा उतरला.

गेले कितीतरी दिवस माझं पाणी पडद्यावर कोपऱ्यातून गळत होतं. वैतागून मी भिंतीचा कणांना मागे लोटायचा जोर वाढवला. गळती थांबली, चित्र देखणं झालं, लाटही बुटकी आली. बुटकी लाट म्हणजे बुटकी भिंत, म्हणजे सगळे खूश. उद्याच्या बैठकीत मी तेच सांगणार होते. आज सकाळी चहा पिताना कोपऱ्यातली रिकामी पट्टी दिसली आणि तुम्ही पदर खोचून समोर उभ्या राहिलात. पाणी भिंतीपर्यंत पोचलंच नव्हतं, तर चढणार कसं? मी जोर उतरवला. भिंतीच्या आत न हलणाऱ्या कणांच्या आणखी ओळी बसवल्या, म्हणजे कडेच्या पाण्यालाही दोन्ही बाजूंनी शेजार मिळाला. आता पाणी भिंतीला भिडतं, वर चढतं आणि माघारी फिरतं. भिंत आधीपेक्षा बरीच उंच निघाली. उद्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. खालच्या घरांत पावसाळ्यात माणसं निवांत झोपतील, आणि मला आज फार आनंद झालाय, बाई.

हे पत्र टाकायचं कुठे? तरी एक सांगायचं राहिलंय. शाळेच्या शेवटच्या दिवशी मी तुम्हाला मिठी मारायची असं घरूनच ठरवून आले होते. तुम्ही फळा पुसत होतात. मी हातभर अलीकडेच थांबले, येते म्हणाले आणि वळले.