पुढे गेलेला पूल

तीर्थस्वरूप मामास भाचीचा वाकून नमस्कार. (पूल चिकटवायला वाकलेच होते, त्यातच उरकून घेतला.) मामी मजेत असेल. तुझा गुडघा कसा आहे? खरंखरं कळव, त्यावर बरंच अवलंबून आहे.

मामा, आम्हाला कॉलेजात पुठ्ठ्याचा पूल करायला सांगितला होता. कॉलेज सुटायच्या आत जमा केला नाही तर सत्र वाया, असं सर शांतपणे म्हणाले (ओरडले असते तर बरं वाटलं असतं). पूल झाला माझ्याहून लांब आणि बस आलेली खच्चून भरून. दारातले एक काका म्हणाले, आधी पूल आत दे, मग तू चढ. मी दिला. लोकांनी तो डोक्यांवरून हातोहात आत नेला, सगळे एकमेकांना सांभाळून घ्यायला सांगत होते, तेवढ्यात कोणीतरी बेल मारली आणि पूल कॉलेजला निघाला. मी स्टॉपवरच.

मागची बस पकडून तिच्या कंडक्टरपुढे रडगाणं गायलं. त्यांनी निर्विकारपणे पुढच्या कंडक्टरला फोन लावला.

"तुझ्याकडे पूल आहे का?"

होता. पण कुठे उतरवायचा हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तो आता शेवटच्या स्टॉपला उतरणार होता. म्हणजे आधी कॉलेजवरून पूल गेला, मग त्याच्या मागून मी. फाटकातल्या मैत्रिणींनी दोघांनाही हात केला.

शेवटच्या स्टॉपवरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी पूल दोन टेबलांवर आडवा टाकून त्यावर जेवणाचे डबे मांडले होते. (आणि एक हेल्मेट.) मी डबे उचलायला धावले. पूल मात्र ढिम्म. माझी कथा ऐकून त्यांनी अर्धं जेवण टाकलं आणि त्याच बसने मला परत आणून सोडलं, तेव्हा मला खरंच रडू फुटलं. सरांनी वजनं ठेवून पाहिली, पूल पास झाला. तेलाचे गोल डाग कसले, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एक चाचणी आधीच झालीय.

तुझी लाडकी (दुसरी आहे कोण?) भाची

ता.क. आता पाण्याची टाकी करायची आहे, माझ्या खांद्याएवढी. तुझा टेम्पो सोमवारी रिकामा असतो ना?

पुन्हा ता.क. टेम्पो राहू दे. बसमध्ये टेम्पोची बातमी फुटली आणि मंडळी रुसली. कंडक्टरने दाराचं माप घेऊन ठेवलंय. टाकी तिरकी केली की जाते, फक्त मागून ढकलायला एक दणकट माणूस हवा. मी तुझं नाव दिलंय, म्हणून तो गुडघा विचारला. या वेळी आधी मी चढणार, मग टाकी. तू राहिलास तर मागची बस आहेच.