ठकूला शाळेत घालते म्हणालीस

चिंचवड
शनिवार, १९ नोव्हेंबर १९५५

प्रिय कुसुम,

परवा गुरुवारी तुझ्या घरून चहा न घेताच उठले, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. वाटू दे. फराळाचा डबा कट्ट्यावर ठेवला आणि जिना उतरले. तू वरून विचारत राहिलीस, "मंजू, अगं झालं तरी काय?" तुझ्या पाहुण्यांसमोर मला सांगता आलं नसतं. मी ओरडले असते. म्हणून आता लिहिते आहे. तू हे शेवटपर्यंत वाच.

दोन वर्षांपूर्वी तळवड्याची वीटभट्टी पहिल्यांदा तूच पाहिलीस. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम सुरू झालं होतं, विटा कितीही पाडल्या तरी पुरत नव्हत्या. मावशीकडून सायकलवर परत येताना तुला तिथे सात मुलं दिसली. कोवळ्या हातांनी ओल्या विटा उलटत होती. नगरकडच्या दुष्काळात मुकादमाने त्यांना आईबापांकडून आणलं होतं. "खाऊपिऊ घालतो, पाऊस झाला की आणून सोडतो," असं सांगून. पाऊस झाला. पुढच्या वर्षीचाही झाला. मुलं तिथेच. संध्याकाळी त्यांना पत्र्याच्या खोपटात घालून बाहेरून कडी लावायचे. त्या दिवशी तू माझ्या दारात येऊन रडलीस, आणि रडणं थांबल्यावर म्हणालीस, "मंजू, हे आपण मोडायचं."

मग कासारवाडीच्या रेल्वे गँगमनचा मुलगा मुरारी आपल्याला येऊन मिळाला. तू, मी आणि तो. मी शाळेत शिकवून चार वाजता सुटायचे, की तिघं सायकलींवर. चाकणच्या आठवडी बाजारात सह्या गोळा करायला गेलो, तेव्हा तू सरळ कांद्याच्या बैलगाडीवर चढलीस. एक म्हातारा शेतकरी हसत म्हणाला, "पोरं कामं करनारच की बाई. आमची न्हाई का करत?" तू त्याला म्हणालीस, "बाबा, तुमचं पोर संध्याकाळी तुमच्याकडे येतं. ही पोरं कुणाकडे जातात?" त्याने अंगठा पुढे केला. त्या दिवशी दोनशेवर सह्या झाल्या, आणि मला वाटलं, ही मुलगी मनात आणेल ते करील.

खेडला मामलेदार कचेरीत अर्ज दिला. कारकून दोनदा पाहणीला आला, दोनदा मुलं गायब. भट्टीवाला दौलतराव त्याला खुर्ची देऊन सांगायचा, "पोरं घरच्यावानी हायेत माझ्या. खात्यात, पित्यात. मारतोय व्हय मी कुणाला?" दुसऱ्या वेळेला परतताना त्याच्या माणसांनी मुरारीला शिवारात गाठलं. त्याच्या डाव्या हाताची मूठ अजून वळत नाही, ठाऊक आहे ना तुला? की विसरलीस? तिसऱ्या वेळेला आपण कारकुनाच्या आधी पोचलो. खोपटाची कडी तू काढलीस. आत सात जणं भिंतीला चिकटून उभी. सर्वांत पुढे ठकू, दहा वर्षांची. धाकट्यांना पाठीशी घालून उभी होती. तिला वाटलं, आपण मारायला आलोय.

सहाजणांचे आईबाप सापडले. ठकूची आई दुष्काळातच गेलेली, बापाचा पत्ता नाही. मला तिला ठेवून घ्यायचं होतं. पण एक खोली, आजारी आई, माझा पगार, असं सगळं मी तुला सांगत बसले. खरं सांगू? मी घाबरले. तू घाबरली नाहीस. तुझं लग्न ठरलं होतं, शहरात वकिलाचं मोठं घर होतं. "मी नेते तिला. शाळेत घालते," म्हणालीस. मी सुटले. तो माझा गुन्हा, आणि तो मी कुणावर ढकलत नाही.

परवा दार उघडलं ते ठकूने. कडेवर तुझं बाळ, अंगात कुणाचा तरी ढगळ झगा. हात राखेने फुटलेले. मी ओळखलं, तिने नाही. आतून तुझ्या सासूबाई ओरडल्या, "ए, कोण आलंय गं?" ए! त्या घरात तिला नावसुद्धा नाही? तू पाहुण्यांना म्हणालीस, "ही आमच्याकडची मुलगी." तू बशा काढत होतीस, तेवढ्यात मी तिला वर्तमानपत्र दाखवून विचारलं, हे मोठं अक्षर कोणतं. ती हसली आणि पदराने पुसावं तसं झग्याने तोंड पुसून आत गेली. तुला विचारलं तर म्हणालीस, "दोन महिने घातलं होतं गं. मग बाळ झालं, घरात गडबड. पण घरच्यासारखीच आहे ती. आम्ही काय मारतो का तिला?"

कुसुम, हे तू म्हणालीस. तू! दौलतरावाला लिहितावाचता येत नव्हतं. तू कायद्याची कलमं तोंडपाठ म्हणायचीस. त्याने निदान कुणाला शाळेचं वचन दिलं नव्हतं. मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता, जितका तुझा येतो आहे.

मी जिना उतरले तेव्हा ती खाली नळावर भांडी घासत होती. आता तिने मला ओळखलं होतं. हळूच म्हणाली, "बाई, मला न्यायाला आलाव व्हय?" आणि मी, मूर्ख, म्हणाले, "नाही गं, फराळ द्यायला आले होते." गाडीत बसले आणि चिंचवड येईपर्यंत तेच ऐकू येत राहिलं.

म्हणून काल शाळेत रजा टाकून पुन्हा आले. तू महिला मंडळात भाषणाला गेली होतीस, विषय सासूबाईंनीच सांगितला, 'बालकांचे हक्क'. मी त्यांना माझं नाव, पत्ता सांगितला आणि ठकूला विचारलं, "येतेस?" तिने बाळ सासूबाईंच्या मांडीवर नीट ठेवलं आणि अनवाणी बाहेर आली. आज सकाळी तुझ्या यजमानांचा माणूस चिठ्ठी घेऊन आलाय: उद्यापर्यंत मुलगी परत पाठवा, नाहीतर पोलिसात फिर्याद. तो ओट्यावर बसून आहे, हे त्या चिठ्ठीचं उत्तर. मुलगी येणार नाही. फिर्याद खुशाल करा. मी कोर्टात उभी राहीन, मुरारीही येईल, आणि पहिली साक्षीदार म्हणून मी तुलाच बोलावीन. तिथे तुला काय बोलायचं ते आतापासून ठरव. आत्ता ठकू माझ्या आईजवळ बसून पाटीवर 'ठ' काढते आहे. गोल जुळत नाही म्हणून पुसते, पुन्हा काढते. सोमवारी तिला माझ्या शाळेत नेणार आहे. तिला भेटायला यायचं असेल तर ये. एकटी ये, आणि आधी तिची माफी माग.

तुझीच, पण आता तुझ्या बाजूची नाही,
मंजुळा