सुलूचं मापातलं जेवण

६ जानेवारी २०२५

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट रिकामं ठेवा! असं तोंडावर! अन् आमची सुलू मान डोलवतेय, जणू प्रसाद मिळाला. तीन वर्षं झाली लेकीला हे मल्टिपल स्क्लेरोसिस लागून — नसांवरचं आवरण झिजतं, वायरचं रबर गेल्यागत. डावा पाय ओढते. वजन एकाहत्तर किलो. ते उतरलं तर पायावरचा भार हलका होईल, थकवाही कमी होईल कदाचित. सोळा तास काही खायचं नाही, उरलेल्या आठ तासांत दोन जेवणं, तीही मोजून. बाई म्हणाल्या, "यावरचे अभ्यास लहान-लहानच झालेत बाबा, खात्री कुणी देत नाही. तीन महिने बघू." अन् बोट वर करून — गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

सिल्लोडपासून पैठणपर्यंत चाळीस वर्षं लग्नाचा स्वयंपाक केला मी. आग्रह करकरून वाढलं. अन् घरात लेक उपाशी!

७ जानेवारी

सुलू स्वयंपाकघरात अन्न तोलायचा छोटा काटा घेऊन आली. एक भाकर, एक वाटी भाजी, वाटीभर वरण. सगळं मोबाइलात लिहिते. संध्याकाळी सहाला ताट धुऊन मोकळी. मी आठला बसलो तर घास उतरेना.

१० जानेवारी

कडुबा आला होता, माझ्या भट्टीवरचा जुना गडी. "आप्पा, आचाऱ्याचीच पोर वाळली तर लोक तुमच्या हाताला नावं ठेवतील की!" हसत बोलला. लागलं.

११ जानेवारी

केलं. भाकरीचं पीठ सायीत मळलं. भाजीच्या वाटणात दाण्याचं कूट, गंधासारखं बारीक. कळू न देता घालायचं, हीच तर आमच्या धंद्यातली कला. भाकर एकच, वाटी एकच — माप कुठं मोडलं? "आज भाजी लई झ्याक झाली, आप्पा." माझंच पोट भरलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या पोळीतला चतकोर तिनं तोलून घेतला. बघवेना. वरणात तूप जिरवलं.

१९ जानेवारी

एकाहत्तर.

२६ जानेवारी

एकाहत्तर, वर चारशे ग्रॅम. सुलू वजनाच्या काट्यावरून उतरली, पुन्हा चढली. "काटा बिघडला असंल," मी म्हणालो. कान तापले माझे.

२ फेब्रुवारी

बाहत्तर! आता ती ताटातलं अर्धं बाजूला काढते. उद्यापासून साधा स्वयंपाक करायचा. पक्कं.

३ फेब्रुवारी

हात आपोआप सायीच्या पातेल्याकडं गेला. अर्धंच तर खाते, म्हटलं.

७ फेब्रुवारी

मेडिकलमधून नवी पाकिटं आणायची, म्हणून तिचा औषधाचा डबा उघडला. गोळ्या तशाच! नऊ दिवसांच्या!

"एवढंसं खाते तरी अंग फुगतंय, आप्पा. गोळ्यांनीच होत असणार. नाय तर मग माझं अंगच माझं ऐकेना झालं. पाय तर ऐकतच नाय, आता पोटही."

सांगायला तोंड उघडलं. अन् काय निघालं? "चहा ठेवू का?" चहा! तिच्या उपासाच्या वेळात!

"नको, आप्पा," म्हणाली. किती मऊ बोलली.

८ फेब्रुवारी

एका जागी बसवेना. हर्सूल तलावापर्यंत गेलो, अर्ध्यातनं परत फिरलो, पुन्हा गेलो. बायको, गोजरबाई, असती तर, "अहो, बोलून टाका की!" म्हणून मोकळी झाली असती. ती गेल्यावर सुलूसाठीच तर चूल पेटवतो मी. सांगितलं तर पोर माझ्या हातचं पुन्हा खाईल का? नाही सांगितलं तर गोळी बंदच राहील, अन् उद्या दुसराही पाय जाईल. यात तोलायचं काय आहे रे म्हाताऱ्या!

९ फेब्रुवारी

सांगितलं. साय, कूट, तूप — सगळं.

ती उठून आत गेली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांचं ऐकून घेतलं, गोळी घेतली. मी दारातच उभा. वळली तेव्हा डोळ्यांत पाणी — अन् हसत होती!

"म्हणजे माझं अंग ऐकतंय, आप्पा! ऐकत नव्हता ते तुम्ही."