लॉट फाइलचं कुलूप

३ फेब्रुवारी १९९५, शुक्रवार
डायरी एक जानेवारीलाच आणली होती. लिहायला महिना गेला. पेन धड मिळत नव्हतं, मग मूड नव्हता. असो.

मिलमध्ये आज घाण झाली. कॉम्प्युटर दोन, लॉटची फाइल एक. कोऱ्या कापडाच्या गोदामात निंबा, फोल्डिंगला सरलाबाई. दोघांनी एकच लॉट एकाच वेळी उघडला. निंबाने मेंदी रंग बदलून राणी गुलाबी केला. मागून सरलाबाईने पार्टीचा पत्ता सुधारला आणि जुन्या रंगासकट सेव्ह केलं. साठ ताके कापड मेंदी रंगात बुडालं. लग्नाच्या साड्या! मालक छगनशेठ मला म्हणाले, प्रोग्राम तारो छे ने, तुझाच ना? गुरुवारी चार वाजता चालवून दाखव, नाहीतर रंगखात्यात ताके उचल. मला इथे चिकटवणारे काशिनाथदाजी, ताईचे मिस्टर, मान खाली घालून उभे. किळस आली सगळ्यांची.

इलाज सोपा. एकाने लॉट उघडला की दुसऱ्याला कुलूप. काम झालं की सुटलं. कॉम्प्युटरचा कोर्स मी दीड महिन्यात सोडला तो सगळं समजलं म्हणूनच. अर्ध्या तासाचं काम. उद्या.

५ फेब्रुवारी
काल डुमसला समुद्रावर गेलो. भजी खाताना डोकं चालतं. आज डोकं थकलं.

६ फेब्रुवारी
एकेका लॉटला कुलूप लावणं किचकट. अख्ख्या फाइललाच लावलं. मजबूत! सोडायचा भाग उद्या लिहीन. तोवर प्रोग्राममधून बाहेर पडलं की सुटतं.

निंबा बाहेर न पडताच चहाला गेला. सरलाबाई पाऊण तास ताटकळली. म्हणाली, भाऊ, तू तर संडासची कडी केलीस, आत गेलेला बाहेरच येईना! सगळे खिदळले. अडाणी लोक. शिस्त नाही.

७ फेब्रुवारी
शी! सरलाबाईने केशरी चिंधी काढली. चिंधी ज्याच्या मॉनिटरवर, तोच लिहिणार. झालं की प्रोग्राम बंद, चिंधी दुसऱ्याकडे. दिवसभरात एकतीस लॉट, चूक एक नाही. दाजी म्हणाले, बरं चाललंय, तू आता हात लावू नकोस.

कॉम्प्युटरवर चिंधी! जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
सोडायचा भाग लिहायला बसलो. हेडिंगला डबल चौकट केली. सुंदर दिसते.

९ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी ७
सकाळी चिंधीवाल्यांची जिरवायला कुलपाला पासवर्ड जोडला. मशीन बंद केलं तरी सुटणार नाही. अकराला ट्रायल म्हणून लावलं. तेवढ्यात मित्र वाल्मिक स्कूटर घेऊन गेटवर. म्हणाला, इच्छापोरला एका कारखान्यात रंगीत प्रिंटर आलाय. दहा मिनिटांत येऊ म्हटलं. परतताना पंक्चर. रस्ता भिकार, वाल्मिकचा पंप त्याहून भिकार. चार वाजून गेले, म्हणून थेट लिंबायतला ताईच्या घरी आलो. शेठना उद्या दाखवीन. एका दिवसाने काय बिघडतं?

७.२०
गल्लीत मोटर थांबली. छगनशेठ! स्वतः! लिंबायतमध्ये! शेवटी कळली किंमत. शर्ट बदलतोय.

७.२५
ताई आत आली. म्हणाली, अकरापासून दोन्ही कॉम्प्युटरवर 'कृपया थांबा' आहे, ट्रक भरायचे राहिलेत. मी निघालो तर तिने दारात अडवलं. तुला नाही बोलावलं म्हणाली, पासवर्ड तेवढा कागदावर लिहून दे, आणि उद्या सातला रंगखात्यात जा. शेठ मोटरीतून उतरलेसुद्धा नाहीत. दाजी काचेपाशी हात जोडून उभे आहेत.