उगवत्या चंद्रातल्या सशाचे कान

बाई, माझ्या मुलीने चित्रं काढलेलं पहिलं पुस्तक परवा छापून घरी आलं. कुरिअरवाला दारात उभा असतानाच मी पाकीट फोडलं आणि मुखपृष्ठ, नाव, काही न बघता सरळ चंद्राचं पान काढलं. वैशाखी पौर्णिमेचा उगवता चंद्र आहे. पूर्ण गोल, पश्चिमेच्या डोंगराच्या नव्हे तर पूर्वेच्या मैदानाच्या बाजूला, आणि त्यातल्या सशाचे कान वर आहेत. बरोबर आहे, बाई. तुम्ही तपासला असता तसाच तपासला. तेव्हापासून पुस्तक बगलेत घेऊन सोनिवलीभर फिरतोय. सोसायटीच्या वॉचमनला दाखवून झालं, खालच्या सिंधी किराणावाल्याला दाखवून झालं. त्याने चष्मा वर करून सगळी पानं उलटली आणि म्हणाला, "साईं, चाँद तो एकदम असली है. मेरी दुकान किधर है इसमें?" मी म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत टाकू.

जुन्या निर्वासित छावणीतली, कॅम्प पाचमधली आपली शाळा डोळ्यांपुढे येते. पत्र्याचं छप्पर, तिसऱ्या बाकाशेजारची फुटकी खिडकी, आणि कविता शिकवताना खडू खाली ठेवायची तुमची सवय. कवितेचा तास असला की फळ्यावर काही लिहायचं नाही, नुसतं म्हणायचं आणि ऐकायचं. मला त्या तासाचं वेडच होतं. पाचवीत मीही एक कविता रचली. सांज झाली आणि पूर्वेला चांदीची कोर उगवली, असं काहीसं. वर्गात उभं राहून चालीवर म्हटली, पोरांनी बाक वाजवले. तुम्ही मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणालात, "चाल छान आहे. शब्द गोड आहेत. चंद्र खोटा आहे."

मी रडवेला होऊन म्हणालो, "पण बाई, कविता आहे ना ती."

"म्हणून तर. खोटं बोलायचं असेल तर निबंधात बोल."

माझ्या शेजारचा पोरगा कुजबुजला, "चंद्राला नापास केलं रे बाईंनी," आणि अख्खा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तुम्ही मला बोलावलंत आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं हातात दिलीत. मागची बाजू कोरी. "अवस झाली की रोज संध्याकाळी बघ. दिसेल तसा काढ. नाही दिसला तर पान कोरं ठेव, पण मनाने काही भरू नकोस."

तर मी बराकीच्या पायऱ्यांवर बसलोय. आत आई तांदळाची भाकरी थापतेय आणि बापाला सांगतेय, "तुमचा ल्योक बगा, आबाळाकडं तोंड करून बसलाय, अब्यास गेला खड्ड्यात." बाप अंबरनाथच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेला, तो फक्त हसतो. पहिल्या दिवशी पान कोरं. दुसऱ्या दिवशी मलंगगडाच्या बाजूला, सूर्य बुडाला तिथेच वर, नखाएवढी कोर. पूर्वेला नाही, पश्चिमेला. आणि उगवत नव्हती, मावळायला निघाली होती. उजळलेली बाजू सूर्याकडे, टोकं त्याच्याकडे पाठ केलेली. माझी सगळी कविता तिथेच विरघळली. पुढे रोज ती जाड होत गेली, रोज थोडी मागे, पूर्वेकडे सरकत गेली. पौर्णिमा आमच्या घरात न बघताच कळायची. त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून विहारात जायचे. वंदना झाल्यावर बाहेर आलो तर एकीकडे सूर्य जातोय आणि बरोबर समोरून हा भला मोठा, तांबूस गोळा वर येतोय. त्यातला ससा कान वर करून ताठ बसलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर पाण्याला गेलो तर तोच चंद्र मलंगगडाकडे उतरलेला, आणि ससा डोक्यावर उलटा. मी हंडा तिथेच ठेवून तुमच्या घरी धावत आलो. तुम्ही स्वयंपाकघरात होता, हाताला कणीक. मी धापा टाकत सांगितलं. तुम्ही हात तसेच ठेवून ऐकलंत आणि म्हणालात, "हे मला ठाऊक नव्हतं रे." बाई, मला आयुष्यात पुष्कळांनी शाबासकी दिली. आनंदनगरच्या कारखान्यात खोक्यांवरची छपाई तपासायची नोकरी केली, रंग केसभर सरकला तरी पकडायचो म्हणून साहेब लोक नावाजायचे. पण शिकवणाऱ्या बाईने पाचवीतल्या पोराला असं म्हणावं, त्याची सर कशाला नाही.

ही गोष्ट मी मुलीला लहानपणी इतक्यांदा सांगितली की ती झोपेतही म्हणेल. तीही आनंदनगरलाच खोक्यांची डिझाइनं करते. घरी आल्यावर ओट्याशेजारी टेबल टाकून स्वतःची चित्रं. पाच वर्षं अशी गेली तेव्हा कुठे एका प्रकाशनाने तिला गोष्टीचं पुस्तक दिलं: एक मुलगी वैशाखी पौर्णिमेच्या संध्याकाळी आजोबांबरोबर विहारात जाते. सगळी चित्रं पसंत पडली, चंद्रावर गाडी अडली. संपादक बाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो, फोन स्पीकरवर होता. "गोल चंद्र लहान मुलांना सूर्य वाटतो गं. मस्त कोर काढ, मध्ये एक चांदणी लटकव. क्यूट दिसेल."

"मॅडम, पौर्णिमा आहे. गोष्टीच्या नावातच आहे."

"अगं, तीन वर्षांच्या मुलाला पौर्णिमा काय कळतेय. दोन दिवस घे. नाही जमलं तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

तिने फोन ठेवला. आणि बाई, मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "काढून टाक कोर. पहिलं पुस्तक आहे. एकदा नाव झालं की पुढे खरा चंद्र काढ." मला तिची पाच वर्षं दिसत होती. मुलगी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, पौर्णिमेला विहारात जाणारी माणसं आपण. कोर काढली तर आपलीच पोरं हसतील मला. आणि चांदणी कोरीच्या पोटात कशी दिसेल? तिथे चंद्रच असतो ना, काळा." मग टेबलाशी जाऊन तिने गोल चंद्र आणखी नीट केला, आणि संपादक बाईंना कळवलं की मुलांनाच विचारू, मुलं सूर्य म्हणाली तर मी हरले.

त्या संपादक बाईही भल्या. रविवारी सकाळी खरंच कॅम्प पाचच्या विहारातल्या वाचनवर्गात आल्या. चित्राखालच्या ओळी हाताने झाकून पंधरा-वीस पोरांपुढे पान धरलं. "हे काय आहे?"

"चंद्र," सगळी एकदम.

"सूर्य नाही कशावरून?"

पुढची एक चिमुरडी त्यांच्याकडे दया आल्यासारखी बघायला लागली. "सूर्यात ससा असतो का?" मागून एक जण म्हणाला, "मॅडम, नीचे विहार में लाइट लगी है ना. सूरज होता तो लाइट कोण लावेल, बिल फुकट आहे का?" संपादक बाई इतक्या हसल्या की पान हातातून सुटलं. मग त्यांनी मुलीला विचारलं, "पण ससा असा उभा का?" ती म्हणाली, "उगवतोय म्हणून. मावळताना उलटा असतो. माझ्या पप्पांनी शाळेत असताना बघून ठेवलंय." संपादक बाईंनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी सतरंजीची किनार बघत होतो.

काल त्याच विहारात पुस्तकाचा छोटा कार्यक्रम झाला. एक ज्येष्ठ उपासक बोलायला उठले. म्हणाले, पोरगी नमली नाही, कारण बापाने खऱ्याला खरं म्हणायला शिकवलं. टाळ्या झाल्या. मला पुष्पगुच्छ दिला आणि दोन शब्द बोलायला लावलं. मी तुमच्याविषयी बोललो, कॅलेंडरच्या पानांविषयी बोललो, तुमच्या हाताला लागलेल्या कणकेविषयी बोललो. लोकांचे डोळे ओले झाले. ओट्याजवळ भाजी निवडताना काय बोललो होतो, ते राहून गेलं. राहून गेलं म्हणजे सांगितलं नाही. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पप्पा, छान बोललात," आणि घरापर्यंत माझा हात धरून बसली.

बाई, तुम्ही आता या जगात नाही; हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे तरी मनाने काही भरत नाही. त्या दोन दिवसांत ताठ राहिली ती एकटी माझी मुलगी. पुष्पगुच्छ मी घेतला.