कण्हेर गुलाबी फुलली

प्रिय ताई,

फोन केला असता, पण तू पहिल्या ‘हॅलो’लाच माझा सूर ओळखतेस आणि मग मी सांगायचं ते सोडून भलतंच बोलत बसते. म्हणून कागद घेतला. बातमी अशी की तू पाठवलेली कण्हेर फुलली. आता यात आनंद मानायचा की कपाळाला हात लावायचा, ते मला परवापासून ठरवता येत नाहीये. कारण ती गुलाबी फुललीय.

परदेशातून आलेली रोपं तपासून होईपर्यंत आम्ही ज्या काचेच्या खोलीत ठेवतो तिला दोन दारं आहेत. पहिलं मागे नीट बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत जाताना पांढरा डगला, बाहेर येताना अंग झटकायचं आणि पिवळं काही घालायचं नाही, कारण रस शोषणारे किडे पिवळ्याला भुलतात. तुझा पिवळा स्वेटर मी घालत नाही म्हणून रुसली होतीस ना, त्याचं कारण हे. सगळा आटापिटा एका जिवाणूसाठी. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत घर करतो, नळ्या तुंबतात आणि मुळाशी पाणी असून झाड तहानेनं वाळतं. पानं टोकाकडून, कडांकडून करपत येतात. पण ते नंतर. आधी कितीतरी दिवस झाड चांगलं टवटवीत असतं आणि त्याच्यावर बसलेला किडा शेजारच्या झाडाला रोग देऊन येतो. इथे तो एकदा शिरला की बागाच्या बागा तोडाव्या लागतील, सुक्याबरोबर ओलंही जाईल. म्हणून निरोगी दिसणाऱ्या रोपाकडेच आम्ही जास्त संशयानं बघतो. लोकांना वाटतं, या मंडळींना दुसरा उद्योग नाही.

तुला तरी वेगळं काय वाटायचं म्हणा. नोकरीसाठी निघालीस तेव्हा आईनं मागच्या दारच्या पांढऱ्या कण्हेरीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तुझ्या बुटात कोंबली होती. तिकडे माझ्यासारख्याच कुणा बाईनं तुझी बॅग उघडली, सगळं उचकलं, फक्त बुटाला हात लावला नाही. हा किस्सा तू इतक्या वेळा रंगवून सांगितलास की मला पाठ झालाय. तेव्हा मी या खात्यात नव्हते, म्हणून मीही पोट धरून हसले. पुढे सांडपाण्याचा पाइप टाकताना इथलं मूळ झाड गेलं. आणि मग गेल्या वर्षी अचानक आईनं धोशा लावला. कण्हेर हवी, पांढरीच हवी, तुझ्याकडचीच हवी आणि लवकर हवी. त्याच सुमारास तिनं मागची भिंत गडद निळी रंगवून घेतली. फोटो बघून तू विचारलंस, आईला हे काय सुचलं? मी म्हटलं, म्हातारपणचे चाळे.

मी तुला नियम समजावले. घरच्या कुंडीतली फांदी चालत नाही, मान्यता असलेल्या रोपवाटिकेनं ती जाळीखाली वाढवायला हवी आणि तिथल्या खात्यानं तपासून दाखला द्यायला हवा. तू वैतागलीस. एका काडीसाठी एवढी उठाठेव, म्हणालीस. पण केलंस सगळं आणि दाखल्यासकट रोप आलं. नात्यातलं म्हणून मला त्याला हात लावायची परवानगी नाही, तपासणी भिंगकाकांकडे आहे. हे आमचे सगळ्यात जुने तपासनीस. भिंग कायम गळ्यात, जेवताना डब्यातली भाजीसुद्धा त्यातून बघतात. त्यांनी पानांचे देठ काढून प्रयोगशाळेत दिले, निकाल स्वच्छ आला. उन्हात जिवाणू वाढतो, म्हणून उन्हं तापल्यावर दुसरी तपासणी, तीही स्वच्छ आली की रोप घरी. रोज येता-जाता मी काचेतून त्याच्याकडे बघायचे. मला खरंच फार बरं वाटायचं, ताई. लहानपणी तू वर्गात असायचीस आणि मी व्हरांड्यातून डोकवायचे, तसं.

कळ्यांची टोकं तांबूस दिसली तेव्हा मला वाटलं, उजेडामुळे असेल. परवा काकांनी मला काचेपाशी बोलावलं आणि म्हणाले, “बाई, तुमच्या ताईंच्या अर्जात पांढरी लिहिलीय. ही बघा.” चांगली भरगच्च पाकळ्यांची गुलाबी फुलं. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. माझ्या तोंडातून निघालं, “हवामान बदललं की रंग बदलत असेल.” काकांनी भिंगातून फुलाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून माझं तळ्यात-मळ्यात चाललंय. रोपवाटिकेत कुंड्यांची अदलाबदल झाली असेल, तर दाखला एका झाडाचा आणि आमच्या खोलीत भलतंच झाड. मग ते कुठून आलं, कशाशेजारी वाढलं, काहीच माहीत नाही. तसं असेल तर निदान तुझा दोष नाही, असं मनाशी म्हणते आणि पुढच्या क्षणी वाटतं, दोष कुणाचा हे मी कशाला शोधतेय? काका म्हणतात, एक तपासणी स्वच्छ आली म्हणून निश्चिंत होता येत नाही, सुरुवातीला जिवाणू एखाद्याच फांदीत असतो आणि आपण नेमके दुसऱ्या फांदीचे देठ काढतो. हे मीच नव्या मुलींना शिकवते. तरी त्यांच्या तोंडून ऐकताना मला राग आला. त्यांचा की तुझा, ते विचारू नकोस.

कारण दुसरीही शक्यता आहे, आणि ती मला काल भाकरी थापताना सुचली. गेल्या उन्हाळ्यात तू म्हणाली होतीस, कण्हेरीची पानं कडेनं करपल्यासारखी झालीत, ऊन फार आहे. मी म्हटलं, सावलीत ठेव. दिवसभर मी लोकांना करपलेल्या कडांबद्दल बजावत असते आणि बहिणीच्या फोनवर ते माझ्या कानावरून गेलं. त्यानंतर तुझ्या एकाही फोटोत ती कुंडी नाही. मी काल सगळे फोटो पुन्हा पाहिले. आपल्या घराची रीतच आहे, फोनवर वाईट सांगायचं नाही. इकडचे म्हणतात सगळं छान, तिकडचे म्हणतात सगळं छान. तुझं झाड मेलं असेल आणि आईला वाईट वाटू नये म्हणून तू बाजारातून पांढरं म्हणून दुसरं घेऊन त्याचा दाखला केला असशील. हे मी तुझ्यावर आळ म्हणून लिहीत नाहीये. मी तुझ्या जागी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण आजारी झाड ज्या कोपऱ्यात वाळलं, त्याच कोपऱ्यात हे रोप चार दिवस जरी ठेवलं असशील, तर आमच्या दृष्टीनं गोष्ट फार वेगळी होते. खात्याचं खुलासा मागणारं पत्र तुला वेगळं येईल. त्याचं उत्तर खरं दे. तुझी कण्हेर नुसत्या उन्हानं वाळली नसेल, तर ती कशी वाळली, ते सांग. रोप जाळावं लागलं तर जाळतील. मी काचेपाशी उभी राहून रडेन आणि घरी येईन.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये, असं आता इथवर आल्यावर माझ्या लक्षात येतंय. मला एक शब्द मोडायचाय. आईनं शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. ताई, तिची नजर गेली. एक डोळा पूर्ण गेलाय आणि दुसऱ्यात आता माणसांचे चेहरे उमटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहे ते थोडे दिवस टिकेल. गडद रंगापुढे पांढरं काही असलं तर तेवढं तिला अजून दिसतं, म्हणून ती निळी भिंत आणि म्हणून पांढरीच कण्हेर. रोज सकाळी खुर्ची टाकून ती त्या रिकाम्या भिंतीसमोर बसते आणि विचारते, सुटलं का गं रोप? मी म्हणते, अजून तपासणी चाललीय. गुलाबी फूल तिला दिसणारच नाही, ती मान हलवून छान म्हणेल आणि आपल्याला कधीच काही कळू देणार नाही. ते मला सहन व्हायचं नाही. झाडं पाठवू नकोस आता. तूच ये, लवकर ये, आणि येताना पांढरं काहीतरी अंगात घाल. मागच्या दारानं ये, म्हणजे भिंतीपुढे उभी राहशील.

तुझीच,
धाकटी