आबाचा सोमवार

कोल्हापूर,
३ सप्टेंबर २००२

चि. प्रसेनजीत यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तू पुस्तक सोडलंस तर मी भट्टीम्होरं हुबा कशाला ऱ्हायलो गं, असं आबा मला म्हणाला होता. मी दहावीत होते, आई आजारी होती आणि मी शाळा सोडायची भाषा करत होते. काल तुझं पार्सल उघडलं, त्यातून संगणकाला लावायचा तो चिमुकला कॅमेरा निघाला आणि ते वाक्य आठवलं. माझा भाऊ कारखान्यात राबला म्हणून मी टायपिंग शिकले, पुढं इन्स्टिट्यूट काढली. टाइपरायटर गेले, संगणक आले, तरी राजारामपुरीतली जागा माझीच राहिली. आता त्याचा मुलगा माझ्या कॅफेसाठी मस्कतहून कॅमेरा पाठवतो. तुम्हा बापलेकांचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

इंटरनेट कॅफे चालवते आणि पत्रं लिहिते, म्हणून हसू नकोस. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की माझीच माया मला परकी वाटते.

तू विचारलंस, गर्दी असते का. तू वार सांग, मी गिऱ्हाईक सांगते. शनिवारी कॉलेजची मुलं. मी जवळून गेले की पडद्यावर झटकन क्रिकेटचा स्कोअर येतो. बुधवारी दुपारी कॉलनीतल्या बायका. मुलीसाठी स्थळं बघायला बसतात आणि भरतकामाचे नमुने बघून उठतात. रविवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या मुलांचे आईवडील. ते तर कॅमेरा नव्हता तेव्हासुद्धा ठेवणीतले कपडे घालून यायचे!

आणि सोमवारी शिरोलीच्या कारखान्यांची सुट्टी. तिथली माणसं न्हाऊन, भांग पाडून येतात. त्यांच्यात आबा असतो, पेठ वडगावहून पहिल्या एसटीनं आलेला. भिंतीकडच्या खुर्चीत बसून तुझे तेच फोटो पुन्हा बघतो, मग मस्कतचं हवामान काढायला सांगतो. एवढ्या उन्हात पोरगं लोकांचे एसी दुरुस्त करत गच्च्यांवर हिंडतंय, त्येला कुणी टोपी तरी देतंय का न्हाय, असं काल पुटपुटत होता. त्याच्या कारखान्यातला केरबा शेजारीच होता. तो म्हणाला, आबा, तुमी बघून ऊन कमी हुतंय व्हय? आबा म्हणाला, न्हाय, पर बघितल्याबिगर घास उतरत न्हाय.

तो बरा आहे. तू काळजी करू नकोस. आत्याची आठवण आणि डोक्यावर टोपी, दोन्ही असू दे.

तुझी आत्या,
शालन

•

मस्कत,
२० सप्टेंबर २००२

ती. आत्यास,
शि. सा. जय भीम, वि. वि.

पत्र पोचलं. खोलीतल्या केरळच्या सोबत्यानं तुझं अक्षर बघून विचारलं की हे छापलंय का. मी सांगितलं, आमच्या आत्यानं निम्म्या कोल्हापूरला टायपिंग शिकवलंय, तिचा हातही आता मशीनसारखाच चालतो.

आमचा रविवार इथं शुक्रवारी येतो. कपडे धुऊन झाले की मी कॅफेत जाऊन बसतो. कॅमेऱ्यात तू दिसतेस, मागून डोकावणारी पोरं दिसतात, आबा दिसत नाहीत. शुक्रवारी त्यांना काम असतं हे कळतं मला. पण कारखाना सुटल्यावर शिरोलीहून राजारामपुरी अशी किती लांब? फोनवरही, बरा हाईस न्हवं, जेवलास न्हवं, एवढं विचारून ते फोन ठेवतात.

मालकांशी बोलून त्यांनी मला कारखान्यात जागा मिळवून दिली होती, आणि मी ती सोडून इकडं आलो. तो राग असेल तर असू दे. रागावलेले का होईना, पण दिसू देत. पहिल्या दिवशी फोरमननं माझा हात बघून विचारलं होतं की काम कुठं शिकलास. वडिलांकडं, असं मी सांगितलं. सुट्टीच्या सोमवारी झोप मोडून त्यांनी मला लोखंड घासायची फाईल धरायला शिकवलं होतं, त्यावर मी इथं जेवतोय. हे त्यांच्याकडं बघून एकदा सांगायचंय. फोनवर ते सांगू देत नाहीत.

म्हणून मी एक केलंय. फोरमनला विनवून ऑक्टोबरपासून माझी सुट्टी सोमवारी करून घेतलीय. खोलीतले सगळे हसले. सगळे झोपा काढतील तेव्हा मी कामावर जाणार! सात तारखेला आबा त्यांच्या खुर्चीत असतील आणि मी समोर. आधी सांगू नको म्हणणार होतो, पण मग ते दाढी न करता येतील आणि तुलाच बोलतील. तेव्हा सांगून टाक.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो असाच चालू राहू दे.

तुझा भाचा,
प्रसेनजीत

•

पेठ वडगाव,
२ ऑक्टोबर २००२

चि. शालन हीस आबाचा जय भीम. वि. वि.

आज दोन ऑक्टोबरची सुट्टी हाय म्हणून लिहितोय. परवा तू पोराचं पत्र वाचून दाखवलंस आणि मी च्या न पिता उठलो. वाईट वाटून घेऊ नको. घशाखाली उतरला नसता.

आता पोराची सुट्टी सोमवारी झाली, तर मी सोमवारी येणार न्हाय. उन्हाळ्यात लोखंड वतताना उडालं, माझा डावा डोळा गेला, गाल भाजला, ह्ये त्येला कळवायचं न्हाय असं आपलं ठरलंय. तू शबूद दिलायस. मालकानं मला काढलं न्हाय, गेटावर खुर्ची दिली, त्येंचं उपकार हायत. तू रोज दवाखान्यात डबा घिऊन आलीस, ते पण मी इसरलो न्हाय. माझं वाईट काय चाललेलं न्हाय. पर त्यानं ह्ये तोंड बघितलं की दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून हितं येईल. माझ्यावरच गेलंय ते. मग हितं काय करणार? त्याच भट्टीम्होरं हुबा ऱ्हाणार. माझा एक डोळा गेला तेवढा बास झाला. पोराचं दोन मी त्या भट्टीला देणार न्हाय.

बाप रागावलाय असं समजतोय तर समजू दे की. तेवढं मला परवडतं. त्येला सांग, आबाला कॅमेऱ्याम्होरं लाज वाटतीया, त्यो काय नवरदेव हाय व्हय नटून बसायला. आणि त्येच्याकडं ऊन किती हाय, तेवढं तू बघून ठेवत जा.

तुझ्या वहिनीनं भुईमुगाच्या शेंगा काढून ठेवल्यात, केरबाच्या हातनं धाडतो. भावावर रुसू नको.

तुझा,
आबा

•

कोल्हापूर,
८ ऑक्टोबर २००२

ती. आबास,
शालनचा सा. जय भीम, वि. वि.

शेंगा पोचल्या. वहिनीला सांग, निम्म्या पोरांनी खाल्ल्या आणि दोन की-बोर्डांत टरफलं अडकली.

काल प्रसेनजीत आला होता. पडद्यावर, पण मला आल्यासारखाच वाटला. केस कापलेले, शर्टाला इस्त्री. वाळलाय थोडा, पण चेहरा तुकतुकीत आहे. मी तुझा निरोप टाइप केला, तो नवरदेवाचा. तो हसला नाही. कॅमेरा भिंतीकडच्या खुर्चीकडं वळव म्हणाला. तिथं कोणी नाही, असं मी लिहिलं. ठाऊक आहे, तरी वळव, म्हणाला. मी वळवला. आबा, तो त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसला. कॅमेरा पुन्हा माझ्याकडं फिरवायचा मला धीर झाला नाही. शेवटी वीज गेली, तेव्हाच ते थांबलं.

कॅफेत कोण काय बघतं, हे मला आता पाठीवरूनही कळतं. कोणी नोकरी बघतं, कोणी नटीचे फोटो. तुम्ही दोघं मात्र काय काय बघत बसता! तू त्याच्या गावचं ऊन, आणि तो तुझी खुर्ची.

मी शब्द मोडलेला नाही, मोडणारही नाही. तू मला इतकं दिलंस की तुझ्याविरुद्ध जीभ उचलत नाही, म्हणून तर समोर न बोलता लिहिते आहे. तू म्हणतोस तसा तो धावत येईलही. पण त्याच्या हातात आता स्वतःचं काम आहे, आणि ते तुझ्याकडून गेलंय. तो चार दिवस रडेल आणि परत कामावर जाईल, एवढा भरवसा ठेव. बाप रागावलाय ही समजूत तुला परवडते. त्याला परवडत नाही. तो पुढच्या सोमवारीही बसणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही.

येत्या सोमवारी चौदा तारीख. सकाळी विहारात वंदना झाली की वहिनीला घेऊन निघ. काळा चष्मा नको, टॉवेल ओढून घेणं नको. मी तुझ्या डाव्या बाजूला बसेन. डोळ्याचं त्याला तूच सांग, किंवा काही सांगू नको, नुसता बस. तू नाहीच म्हणणार, केरबाकडून तसा निरोपही येईल, हे लिहिताना मला माहीत आहे. माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी सोसेन, पण आबा, ये.

तुझी,
शालन